बदली मामा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मनात आला की मी घाईघाईनं पुढं सरकतो — त्याला ठाऊक असेलच, आपण कशाला काढा? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? खोटं कशाला बोलू, नसतं सांगितलं.

गेल्या महिन्यात माझा चुलत भाऊ गेला. श्रीधरदादा. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. परराष्ट्र खात्यात आयुष्य काढलेला माणूस, शेवटी शेवटी तर राजदूत होता. वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावातून कुणी राजदूत होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच्या वडिलांना तर मरेपर्यंत वाटत होतं की पोरगं विमानतळावर कामाला आहे. निवृत्त झाल्यावर लोक म्हणाले, आता दिल्लीतच राहील, नाहीतर पुण्यात बंगला बांधील. तो जालन्याला आला. वहिनीला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि तिला आपल्या माणसांत राहायचं होतं, एवढंच कारण.

रोज सकाळी दादा तिची वेणी घालायचा. बाई होती कामाला, तरी वेणी हाच घालायचा. आधी तेल, मग मोठ्या दातांचा कंगवा, मग तोंडात रबरबँड धरून सावकाश तीन पेड. मी एकदा चेष्टा केली, तर रबरबँड काढून म्हणाला, "परदेशात पोरींच्या घालायचो रे. हात बसलाय." दोन्ही मुलींचे डबेसुद्धा तोच भरायचा म्हणे, आणि मग कोट चढवून कुठल्या कुठल्या मंत्र्यांना भेटायला जायचा. असा माणूस. मी त्याचं काय केलं ते सांगायचंय — पण आधी आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीसाठी काय रडतोय हा.

आमच्याकडं नवरीला मंडपात मामा आणतो. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. दादाची सख्खी बहीण शकू, जाफराबादकडं दिलेली, तिला तीन मुली. पहिल्या दोघींच्या लग्नांत दादा कुठंतरी समुद्रापार. सख्खा मामा नाही म्हटल्यावर चुलत मामा पुढं झाला. म्हणजे मी. नुसत्या शकूच्याच नाही, भावकीतल्या आणखी दोन-चार पोरींच्या मागंही मीच उभा राहिलो. जिथं मामा कमी, तिथं मी हजर.

आणि मला ते आवडायचं. आवडायचं कसलं — मी वाट बघायचो. माझं रस्त्यावर बी-बियाण्यांचं दुकान. वर्षभर माणसं यायची ती भाव करायला आणि उगवण झाली नाही म्हणून भांडायला. पण लग्नाच्या दिवशी डोक्यावर गुलाबी फेटा, खांद्यावर शेला, आणि गुरुजी माइकवरून ओरडतायत, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" हजार माणसं वळून बघायची. त्या वाटेवरून चालताना मी कुणीतरी असायचो. दुसरीकडं कुठं होतो मी कुणी?

मग शकूच्या धाकटीचं, मनीषाचं, लग्न ठरलं. उन्हाळ्यातली तारीख. त्याच्या आदल्या पावसाळ्यात वहिनी गेली होती. दादा पार खचला होता. सकाळी उठून नुसता कंगवा घेऊन बसायचा, असं ती कामाची बाई सांगायची. मनीषाच्या लग्नाचं कळलं आणि त्याच्यात जरा जीव आला. मला फोन करून जालन्याला बोलावलं. गेलो, तर म्हणतो कसा, "मामानं नेमकं काय करायचं असतं, ते मला शिकव."

जगभरच्या दरबारांत कुणी कुठं उभं राहायचं, कुणी आधी हात पुढं करायचा, हे ज्याला पाठ, तो मला विचारत होता! आम्ही खिडकीच्या गजाला आणि दाराच्या कडीला चादर बांधली. तो अंतरपाट. मी मिशावाली नवरी. दादानं माझा कोपर धरून मला हॉलमधून चालवत आणलं. अक्षता मामानं टाकायच्या की नाही? हात खांद्यावर ठेवायचा की कोपराला? शेवटी विचारलं, "आणि रडायचं कधी?" म्हटलं, ते शिकवावं लागत नाही. तो हसला — पोट धरून हसला. वहिनी गेल्यानंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. पुन्हा एकदा करू म्हणाला. आम्ही पुन्हा केलं.

हे सगळं माहीत असून मी पुढचं केलं. हे लक्षात ठेवा.

झालं असं. लग्नाच्या खरेदीसाठी मी शकूकडं गेलो होतो. आठ-दहा माणसं बसली होती. शकूचे यजमान सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुम्ही सुटले आता, भाऊ. खरा मामा आला. इतके दिस बदलीवरच काम चालवलं आम्ही!" सगळे हसले. मीही हसलो. त्या माणसाच्या मनात काहीही वाईट नव्हतं, तो असाच बोलतो. पण माझ्या मात्र ते जिव्हारी लागलं. एवढी वर्षं उन्हातान्हात उभा राहिलो तो बदलीवर? हजार माणसं वळून बघायची ती बदली कामगाराला?

निघताना शकूनं मला बाजूला घेतलं. अशा नाजूक गोष्टी आमच्यात समोरासमोर बोलत नाहीत, मधला माणूस लागतो. आणि ती पडली धाकटी बहीण. म्हणाली, "भाऊ, वहिनीला जाऊन वरीस झालं न्हाई. माझ्या सासरची दोन म्हातारी माणसं कुरकुर करून राह्यलीत, पण त्यांचं मी ऐकणार न्हाई. तू फक्त दादाचं मन बघ. त्याला जमत असंल, तर माझ्या पोरीमागं मला दुसरा कुणी नको." दुसरा कुणी नको, हे ती माझ्याच तोंडावर म्हणाली, भाबडेपणानं. एस.टी.त बसलो आणि जालना येईस्तोवर माझ्या डोक्यात ते एवढंच घोळत राहिलं.

दादाच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं, पाणी दिलं. मी काय सांगितलं? मी म्हणालो, "शकूच्या सासरची माणसं म्हणतात, वर्षाच्या आतलं दुःख आहे, मामा म्हणून पुढं न आलेलं बरं. शकूला तुला सांगायला जड जातंय." बघा — त्यातला पहिला अर्धा भाग खराच होता. खोट्याला असा खऱ्याचा टेकू लागतो, तो मी नीट दिला. आणि दुखरी जागा कुठली निवडली? वहिनी. जिची वेणी तो रोज घालायचा, तिचं जाणं मी त्याच्या तोंडावर अपशकुन म्हणून टाकलं.

त्यानं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाला, "बराबर आहे त्यांचं." मला वाटलं होतं, विचारेल — कोण म्हणालं, शकू काय म्हणाली, मी बोलू का तिच्याशी? एक प्रश्न विचारला असता तरी माझी बोबडी वळली असती. पण त्याच्या नोकरीनं त्याला एक सवय लावली होती. तो नेहमी सांगायचा, निरोप आणणाऱ्याची उलटतपासणी करायची नसते, त्याच्यावर विश्वास टाकायचा असतो, नाहीतर जगात कुणाचं कुणाशी बोलणंच होणार नाही. त्यानं माझ्यावर तो टाकला. दाराशी सोडायला आला तेव्हा म्हणाला, "शकूला सांग, मला राग नाही. मी येतो, मागं बसतो."

हाही निरोप मी दिला नाही. शकूला सांगितलं, "दादाचं मन लागत नाही. तो म्हणतो, तूच उभा राहा." ती "बरं" म्हणाली. तिनंही पुढं विचारलं नाही. मोठ्या भावाच्या दुःखात हात घालायचा नसतो, अशी तिची समजूत. दोघंही एवढी सभ्य, की मला एकदासुद्धा घाम फुटला नाही.

लग्नाला दादा आला. पांढरा सदरा, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, कुलरपासून लांब. माइकवर मामांना बोलावलं तेव्हा मी मनीषाचा कोपर धरून निघालो. वाट त्याच्या ओळीवरूनच जात होती. मी समोर बघत होतो, पण तो दिसलाच. तो ओठ हलवत होता. सुरुवातीला मला कळलं नाही, काय पुटपुटतोय. नंतर कळलं — तो माझी पावलं मोजत होता. शिकवल्याप्रमाणं मी बराबर चालतोय का ते बघत होता. आणि मी जागेवर पोचलो तेव्हा त्यानं मान हलवली, शाबास म्हणतात तशी.

जेवणाच्या वेळी त्यानं माझा हात हातात घेतला. म्हणाला, तू होतास म्हणून शकूचं कार्य नीट पार पडलं. मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या त्या दिवशी.

याला दहा-बारा वर्षं झाली. या वर्षांत मला संधी मिळाली नाही असं म्हणू? रोज मिळत होती. दर दिवाळीला शकू जालन्याला यायची, त्याला ओवाळायची, दुपारच्या गाडीनं परत जायची. पूर्वी चार चार दिवस राहायची. दोघांच्या मधे काहीतरी बसलं होतं आणि दोघंही त्याला वळसा घालून बोलायचे. ते काय आहे, हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं. मी फराळ करायचो, गप्पा मारायचो. दादाला कमी दिसायला लागलं, तेव्हा मीच त्याला दवाखान्यात न्यायचो. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मोठी मोठी माणसं राजदूताबद्दल बोलली. म्हणाले, तुम्ही घरातल्या दादाबद्दल बोला. मी वेणीचं सांगितलं, डब्यांचं सांगितलं. माणसं हळवी झाली. मग मला राहवेना — आणि मी काय केलं असेल? मी सांगितलं की या माणसानं सख्ख्या भाचीच्या लग्नात मामाचा मान स्वतःहून सोडला, कारण बायकोच्या माघारी त्याला कुठलाच आनंद पुढं होऊन घ्यायचा नव्हता. सगळी सभा डोळे पुसत होती. माझेही डोळे भरून आले. स्वतःच्याच खोट्यावर मी रडलो.

सभेनंतर दादाच्या घरी चहा होता. शकू माझ्याशेजारी येऊन बसली. थकलीय आता. हळूच म्हणाली, "भाऊ, एक विचारू का? इतकी वर्षं विचारायची हिंमत झाली न्हाई. मला वाटायचं, दादाला आमची लाज वाटती. जाफराबादची आडाणी माणसं, त्यांच्या मंडपात फेटा बांधून कुठं उभं राहावं म्हणून तो न्हाई म्हणला. त्या दिशी तो खरंच काय म्हणाल्ता? त्याचे शब्द सांग."

त्याचे शब्द माझ्याजवळ होते. मला राग नाही, मी येतो, मागं बसतो. घर रिकामं होत आलं होतं, दोन मिनिटं पुरली असती. मेलेल्या माणसाची तर भीती नव्हती. मग कशाची होती? शकूच्या नजरेची. एवढ्याचीच.

मी म्हणालो, "तो म्हणाल्ता — वहिनी असती तर दोघं मिळून उभे राहिलो असतो. एकट्याचं पाऊल उचलत नाही." तिथल्या तिथं रचलं. चांगलं जमलं होतं, मला जाणवलंसुद्धा तसं.

शकू ओक्साबोक्शी रडली. मग पदरानं तोंड पुसून तिनं नाशिकला मनीषाला फोन लावला आणि ते वाक्य तिला सांगितलं. तुझा मामा असं म्हणाल्ता बघ, आपण उगीच त्याच्याबद्दल वाईट मनात धरलं. मग फोन माझ्याकडं दिला. मनीषा पलीकडं रडत होती. म्हणाली, "मामा, आता आम्हाला तुम्हीच."

मी हो म्हणालो. आणि सांगायचं राहिलेलं एवढंच — ते ऐकून मला बरं वाटलं.