ऑर्फाबाईंची तार

आमचं गाव काउंटीचं मुख्य ठिकाण. म्हणजे कोर्ट, तुरुंग आणि टेलिफोन एक्स्चेंज आमच्याकडे. बाकी चारी बाजूंना मका. बँकेच्या माडीवरचं एक्स्चेंज ऑर्फा ट्वेट एकट्या चालवायच्या. लग्न केलं नाही. सगळ्या काउंटीचे संसार कानावर पडतात, आणखी एक कशाला मांडू, म्हणायच्या.

तेव्हा एका तारेवर आठ-आठ घरं असायची. कोणाचीही घंटी आठही घरांत वाजे आणि घरोघरच्या बायका हात पुसत फोन उचलायच्या. तारेवर जितके जास्त कान, तितका बोलणाऱ्याचा आवाज बारीक ऐकू येई. ऑर्फाबाई रोज ओरडायच्या, पण फोन कोणी ठेवत नसे. ठेवताना खट्ट वाजे आणि ते खट्ट कोणाच्या घरचं, हे सगळ्यांना ओळखू येई. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एका मार्चमध्ये, बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झालेला असताना, तारेवर एक पुरुष ओरडला. ऑर्फाबाईंना ‘मायर’, ‘बाळ’, ‘डॉक्टर’ एवढंच कळलं. त्या तारेवर मायर दोन: ओढ्याच्या अलीकडे नीमायर, पलीकडे ब्रॉकमायर. लिडिया नीमायरचे दिवस भरले होते. हुल्डा ब्रॉकमायरला अजून अवकाश होता.

“बायांनो, देवासाठी फोन ठेवा,” ऑर्फाबाईंनी विनवलं. एकही खट्ट वाजलं नाही. “नीमायर ना? पाठवते डॉक्टरांना.” तोवर तो माणूस फोन सोडून बायकोकडे धावला होता.

डॉक्टर चिखल तुडवत नीमायरांकडे पोचले, तर दारात लिडिया धडधाकट उभी. तिथून ते ओढ्यापलीकडे गेले तेव्हा मूल रडत होतं आणि हुल्डा गेली होती.

बायकांनी हुल्डाच्या नवऱ्याकडे, एमिलकडे, जेवणाचे डबे पोचवले आणि ऑर्फाबाईंना सांगितलं, तुझा काय दोष. आपण तारेवर होतो, हे एकीनंही सांगितलं नाही. आमचं घरही त्याच तारेवर, आणि माझी आईसुद्धा गप्प राहिली, याचा मला अजून राग येतो. ऑर्फाबाई मात्र त्यानंतर प्रत्येकाला नाव दोनदा विचारू लागल्या. पोरं त्यांची नक्कल करायची. चर्चमध्ये एमिल दिसला की त्या मागच्या दाराने निघून जात.

पुढे नंबर फिरवायचे फोन आले आणि एक्स्चेंज बंद झालं. चर्चच्या तळघरात निरोपाचा कार्यक्रम झाला, हॅमचे सँडविच, भाषणं. मी कॉफी ओतत होते. लिडिया ऑर्फाबाईंच्या शेजारी येऊन बसली. केस पिकले होते.

“त्या दिवशी माझ्याही कानाला फोन होता,” ती म्हणाली. “तू नीमायर म्हणालीस, तेही ऐकलं मी.”

ऑर्फाबाईंनी कप खाली ठेवला. “नाही म्हणायचं होतंस. एक शब्द.”

“बोलले असते तर सगळ्यांना कळलं असतं गं, मी ऐकत होते ते.”

“अगं, सगळ्याच तर ऐकत होत्या,” ऑर्फाबाई म्हणाल्या.