शून्य ऐकू येणारी मुलगी

नागपूरच्या महाल भागातल्या कानाच्या एका दवाखान्यात एक जुना प्रोग्राम चालायचा. लिस्प नावाच्या संगणकभाषेत लिहिलेला. तो लिहिणाऱ्या मॅडम इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेल्या, डॉक्टरांच्या जुन्या स्नेही, दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत राहणाऱ्या. मी पुण्याची नोकरी सोडून नागपूरला परतले आणि घरूनच लहानसहान कामं घेऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी तो प्रोग्राम नव्या भाषेत उतरवून द्यायला सांगितलं. दवाखान्यातला संगणक कुरकुरायला लागला होता, आणि कंसांनी भरलेली ती पानं मॅडमशिवाय कुणाला वाचता येत नव्हती.

मॅडमना ते फारसं आवडलं नसावं. त्यांनी मला चहा दिला, सगळं नीट समजावून सांगितलं, आणि निघताना एवढंच म्हणाल्या की जुना बंद करण्याआधी दोन्ही काही दिवस शेजारी शेजारी चालवून बघ.

कानाची तपासणी तशी सोपी असते. हेडफोनमधून वेगवेगळ्या पट्ट्यांमधले आवाज येतात, हळूहळू क्षीण होत जातात. ऐकू आला की पेशंटने बोट वर करायचं. प्रत्येक पट्टीत सगळ्यात हळू कोणता आवाज ऐकू आला, त्याचा आकडा नोंदवला जातो. आकडा जितका लहान, तितका कान चांगला. पुढे निष्कर्ष काढायचं काम प्रोग्रामचं.

दोन्ही प्रोग्राम बाजूबाजूला चालवत मी दवाखान्यात बसले असताना एका दुपारी नागपूरजवळच्या कळमेश्वरहून एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. तो तिथल्या एमआयडीसीत पत्रे ठोकण्याच्या मशीनवर कामाला होता. मुलगी नऊ-दहा वर्षांची, त्याच वर्षी नागपूरच्या मोठ्या शाळेत घातलेली. शाळेचं म्हणणं होतं की ती विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच देत नाही, तिचे कान तपासून आणा.

डॉक्टरांनी तपासलं. माझ्या पडद्यावर आलं, 'तपासणी अपूर्ण'. त्यांनी पुन्हा तपासलं. पुन्हा अपूर्ण. पोरीने हेडफोन काढून बापाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"खरं सांगा जी डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "तिले ऐकू येत नाही ना?"

डॉक्टरांनी जुन्या संगणकावर पाहिलं. तिथे उत्तर होतं, 'दोन्ही कान उत्तम'. एकाच मुलीबद्दल दोन यंत्रं दोन गोष्टी सांगत होती, आणि मला तर त्या माणसाकडे बघवेना. मी मॅडमना फोन केला. त्या पायीच आल्या, चष्मा लावला आणि मला विचारलं, "तिचे आकडे काय आहेत?"

बहुतेक ठिकाणी पाच होता, दोन पट्ट्यांत शून्य.

"मग झालं तर," मॅडम म्हणाल्या. "'आहे का' विचारलं की तुझी भाषा शून्याला खोटं, म्हणजे 'नाही' समजते. लिस्पमध्ये खोटं एकच, निल. म्हणजे काहीच नाही. बाकी सगळं खरं. शून्य हा आकडा आहे, तो खराच."

मी लिहिलं होतं, आकडा असेल तर पुढे जा, नसेल तर अपूर्ण म्हण. मॅडमच्या प्रोग्रामातली ओळ शब्दशः उतरवली होती. पण नव्या भाषेत तीच ओळ शून्यापाशी येऊन 'काहीच नाही' असं म्हणत होती. मुलीला इतका हळू आवाज ऐकू आला होता की त्याखाली फारसं कुणाला ऐकू येत नाही, आणि माझ्या लेखी तिची तपासणीच झाली नव्हती.

डॉक्टरांनी बापाला समजावून सांगितलं की कान अगदी छान आहेत. त्याला हायसं वाटलं, पण कोडं सुटलं नव्हतं. "मंग शाळेत काहून नाही बोलत? घरी तं बोलतच राह्यते."

मॅडमनी मुलीला जवळ बोलावून तेच विचारलं. ती फ्रॉकच्या लेसशी खेळू लागली. मग म्हणाली, "मी 'मले' म्हनलं का सगळे हासते."

मोठ्या शाळेत सगळे 'मला' म्हणणारे. बापाने मान फिरवून भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहिलं. मग मुलगी त्याला म्हणाली की बस निघून जाईल. तो तसाच उभा. तेव्हा ती त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि तेच वाक्य ओरडून बोलली. मॅडमनी डॉक्टरांकडे पाहिलं, आणि डॉक्टरांनी त्यालाच तपासणीच्या खुर्चीवर बसवलं.

त्याचे आकडे मोठे येत गेले. सगळ्यात वरच्या पट्टीत तर आवाज पूर्ण वाढवला तरी त्याचं बोट खालीच राहिलं. आता माझ्या पडद्यावर 'अपूर्ण' आलं आणि मॅडमच्याही.

मॅडम त्या शब्दाकडे बघत बसल्या. हळूच म्हणाल्या, "मी दोन्हीला निलच ठेवलं. तपासलं नाही तरी निल, तपासून ऐकू आलं नाही तरी निल." लिस्पमध्ये तशी सवयच लागते, त्या सांगत होत्या. 'नाही' म्हणजे निल, रिकामी यादी म्हणजे निल, शोधलं आणि सापडलं नाही तरी निल. सोयीचं असतं, कमी लिहावं लागतं. इतकी वर्षं डॉक्टर अशा पेशंटच्या कागदावर 'ऐकू येत नाही' असं स्वतः पेनाने लिहीत आले, म्हणून कधी कुणाला टोचलं नाही.

बाप खुर्चीवरून उठला होता. मशीनच्या आवाजाने कान गेले आहेत, कामावर कान झाकायची साधनं मागून घ्या, आणि ऐकायचं यंत्र बसवावं लागेल, असं डॉक्टर त्याला मोठ्याने सांगत होते. त्याला ते अपेक्षित होतं की नाही, कळलं नाही. त्याने फक्त विचारलं, "हे आधीच कळलं असतं तं?" डॉक्टर म्हणाले, आता कळलं ते बरं झालं. मुलगी त्याचा हात धरून उभी होती.

ते गेल्यावर मॅडम आणि मी तिथेच बसलो. आधी माझी शून्याची चूक सुधारली, मग 'तपासलं नाही' आणि 'ऐकू आलं नाही' यांना वेगळी नावं दिली. मॅडमनी आपल्या जुन्या प्रोग्रामातही ती घातली. तो आठवड्याभरात बंदच व्हायचा होता, तरी घातली. तेव्हापासून मी रविवारी त्यांच्याकडे लिस्प शिकायला जाते, आणि कुठेही 'असेल तर' लिहिताना माझा हात क्षणभर थांबतो. नक्की काय असेल तर?

पुढे तो बाप यंत्रासाठी कानाचं माप द्यायला आला, तेव्हा त्याने सांगितलं की तो शाळेत जाऊन बाईंना भेटला होता. मुलं तिच्या बोलण्याला हसतात हे बाईंना ठाऊकच नव्हतं. त्यांनी वर्गात प्रत्येकाला आपापल्या घरच्या बोलीत एक गोष्ट सांगायला लावली.

"आमची सांगून राहिली होती तं घंटी वाजली," तो म्हणाला. "तरी थांबली नाही म्हन्ते."