पाणी मागे फिरू नये म्हणून

अनीसा मूळची अकोल्याची, मनियारांच्या घरातली. लहानपणापासून तिने बांगड्याच हाताळल्या होत्या, त्यामुळे नाजूक वस्तू न फोडता धरायची सवय बोटांना होती. लग्न होऊन ती चांदूर बाजारला आली. नवरा जहीर डिझेल इंजिनं आणि मोटारपंप दुरुस्त करायचा. संत्र्याच्या बागांचा मुलूख, पंपाला काही तोटा नव्हता. घरापुढच्या टिनाच्या शेडमध्ये दिवसभर ठोकपीट चालायची.

एका दुपारी चालू इंजिनाच्या पट्ट्यात जहीरचा उजवा हात सापडला. डॉक्टरांनी हात वाचवला, पण मुठीतली पकड गेली. घरी आल्यावर पान्हा उचलायला गेला तर तो गळून पडला. जहीर म्हणाला, सामान विकून टाकू. अनीसाने खाली वाकून पान्हा उचलला.

"तुमी फक्त सांगा," ती म्हणाली. "हात माहे घ्या."

जहीर खाटेवर बसून सांगू लागला आणि अनीसा खोलू लागली. पण बाईच्या हाती इंजिन द्यायला गिऱ्हाईक कचरत होतं. लोक दारापर्यंत यायचे, चहा प्यायचे, जहीरच्या हाताची चौकशी करायचे आणि इंजिन घेऊन पुढच्या दुकानी जायचे. भाजीपाला पिकवणारे वामनराव मात्र बैलबंडी घेऊन आले आणि इंजिन सरळ अनीसाच्या पुढ्यात उतरवलं. "हात कोनाचा बी असो बाई, मले पानी पायजे," एवढंच बोलून ते बाजारात निघून गेले. संध्याकाळी इंजिन धडधडत होतं. त्या दिवसापासून अनीसा त्यांना काकाजी म्हणू लागली.

पुढे कोरडी सालं आली. विहिरींनी तळ गाठला, बागाच्या बागा उभ्या वाळल्या. उपसायला पाणीच नाही तर पंप कोण दुरुस्त करणार? शेडमध्ये शांतता पसरली. वामनरावांचीही विहीर आटली. धरणाचं पाणी मागे हटून जी गाळाची जमीन उघडी पडली होती, तिथे ते आणि त्यांची बायको पार्बताबाई टरबुजं आणि काकड्या लावू लागले. झोपडीही तिथेच बांधली.

त्याच धरणाच्या काठावर खुशालराव नावाच्या माणसाने बोटिंग सुरू केलं होतं. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर हा उद्योग काढला. दोन होड्या होत्या आणि कोकणातून आणलेली एक जुनी जेट स्की, पाण्यावर पळणारी स्कूटरच. बसायची नव्हे, उभं राहून चालवायची. ती चालवायची त्यांची मुलगी करिश्मा. अमरावतीला पोहण्याच्या स्पर्धा गाजवलेली पोरगी. तिला बघायलाच रविवारी गर्दी जमायची. अडचण एकच होती. दर थोड्या दिवसांनी इंजिनात पाणी शिरायचं आणि ते जाम व्हायचं. मेकॅनिक यायचा, पाणी काढून चालू करून द्यायचा, आणि पुन्हा तेच. वैतागून खुशालरावांनी ती भंगारात घालायचं ठरवलं, तेव्हा वामनरावांनी त्यांना अनीसाचं नाव सांगितलं.

अनीसाने असलं यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं. जहीरला सोबत घेऊन ती धरणावर गेली. प्लग काढून इंजिन फिरवलं तर आतून पिचकारीसारखं पाणी उडालं. इंजिन कोरडं करून, तेल सोडून तिने चालू केलं. पण घरी जायला ती उठेना. पाणी काढलं खरं, पण ते येतं कुठून, हे कळल्याशिवाय तिचं मन घेईना.

खुशालरावांनी तिला हवे तितके दिवस यायला सांगितलं. करिश्माची आई दोघांना जेवू घालायची. अनीसा काठावर बसून नुसतं बघत राहायची.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती धुण्याच्या वेळी. गाळ निघावा म्हणून करिश्मा रोज नळाची नळी लावून इंजिनाच्या आतून पाणी फिरवायची. आधी नळ सोडायची, मग इंजिन चालू करायची. अनीसाने जहीरला विचारलं, हे पाणी शेवटी जातं कुठे? धुराच्या वाटेने बाहेर, तो म्हणाला. त्याने चुलीजवळची फुंकणी मागवली, तिचं टोक बादलीत बुडवलं आणि फुंकू लागला. नळीतून बुडबुडे निघत राहिले.

"फुकून राहिलो तोवर पानी बाहेर," दम घेत तो म्हणाला. "फुकनं थांबलं का पानी नळीत वर."

इंजिन बंद असताना धुराचा जोर नसतो, त्यामुळे पाणी मागे फिरून इंजिनात चढतं. उपाय सोपा होता. आधी इंजिन चालू करायचं, मग नळ सोडायचा. बंद करताना आधी नळ, मग इंजिन.

तरीही इंजिन मधूनच जाम व्हायचं. उभ्याने चालवायची जेट स्की ती, चालवणारा पडणार आणि यंत्र उलटणार हे ठरलेलंच. अनीसाने करिश्माला उथळ पाण्यात ती मुद्दाम उलटवायला लावली. एकदा या बाजूने सरळ केली आणि प्लग काढून पाहिले, ते कोरडे निघाले. मग दुसऱ्या बाजूने केली. आत पाण्याचा गुळगुळ आवाज झाला आणि प्लग ओले. धुराच्या वाटेवर एक पेटी असते, तिच्यात पाणी साठून राहतं. चुकीच्या बाजूने फिरवलं की तेच पाणी इंजिनात शिरतं. कोणत्या बाजूने फिरवायचं याची खूण मागे चिकटवलेली असणार, पण जुन्या यंत्रावरची ती केव्हाच झिजून गेली होती. अनीसाने लाल रंगाने तिथे मोठा बाण काढला. त्यानंतर इंजिन जाम झालं नाही. खुशालरावांनी होड्यांची देखभालही तिच्याकडेच दिली आणि घर पुन्हा सावरलं.

चैत्रात अवकाळी आला. वर डोंगरात धो धो पाऊस कोसळला आणि दुपारपर्यंत धरणात उतरणाऱ्या नाल्याला लोंढा आला. वामनराव टरबुजं घेऊन बाजारात गेले होते. पार्बताबाई झोपडीत एकट्या, आणि शेताभोवती बघता बघता पाणी भरलं. खुशालरावांनी होडी घातली, पण ओढीने ती भलतीकडेच जाऊ लागली. पलीकडे दोर बांधला तर त्याला धरून होडी नेता आली असती. दोर नेणार कोण? करिश्मा दोराचं टोक घेऊन जेट स्कीवर उभी राहिली.

निम्म्या वाटेत वाहत आलेल्या फांदीचा तडाखा बसला आणि यंत्र उलटलं. इंजिन बंद पडलं. अनीसा काठावर उभी होती. तिने जहीरचा तो लुळा हात घट्ट धरला. पाण्यातून करिश्माचं डोकं वर आलं. ती पोहत यंत्राच्या मागे गेली, तिथे क्षणभर थांबली, आणि बाणाच्या बाजूने तिने ते सरळ केलं. बटण दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं आणि इंजिन बोललं.

पलीकडच्या बाभळीला दोर बांधला गेला. खुशालराव दोर धरत धरत होडी घेऊन गेले आणि पार्बताबाईंना, त्यांच्या शेळ्यांसकट, घेऊन आले. वामनराव धावतपळत पोचले तेव्हा त्या ओल्या लुगड्यात काठावर चहा पीत होत्या. ते त्यांच्या शेजारीच बसले.

शेत गेलं, झोपडी गेली. काही दिवस दोघं खुशालरावांकडेच राहिली. एका सकाळी अनीसा इंजिन उघडून पुसत होती, तेव्हा पार्बताबाई तिच्यापाशी येऊन बसल्या.

"तुह्यामुळं वाचली मी, पोरी."

"माह्यामुळं नाई, माय. करिश्मा गेली म्हनून. ते गेली इंजन चाललं म्हनून. आन इंजन माह्याकडे आलं ते काकाजीनं नाव सांगितलं म्हनून."

पार्बताबाईंनी जरा विचार केला. "मंग मी पाया तरी कोनाच्या पडू?" त्या म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या.

त्या वर्षी ईदच्या नमाजाहून घरी आल्यावर जहीर किती तरी वेळ दुआत बसून राहिला. इकडे शीरखुर्मा निवत होता, पाहुणे यायची वेळ झाली होती. तो उठल्यावर अनीसाने विचारलं, एवढं काय मागितलं?

"मागितलं काई नाई," तो म्हणाला. "काकाजीपासून करिश्मापर्यंत सगळ्याईची नावं घेऊन राहिलो होतो."