रोमन पाण्यावरचं माझं व्याख्यान आणि फाटकाबाहेरचा नळ

भोपाळच्या साकेत नगरात आमच्या कॉलनीच्या फाटकाबाहेर एक सार्वजनिक नळ आहे. शेजारच्या मोठ्या रुग्णालयात ज्यांचा माणूस भरती असतो, ते नातेवाईक तिथे बाटल्या भरतात, डबे धुतात, सदरे खळबळतात. कॉलनीतल्या लोकांना तो नळ बंद करायचा होता. मला तो हवा होता. वडिलांचं ऑपरेशन त्या रुग्णालयात झालं, तेव्हा आईने पाणी तिथूनच नेलं होतं.

मी पांढुर्ण्याची, मध्य प्रदेशातल्याच मराठी गावाची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. भोपाळला शाळेत इतिहास शिकवायची नोकरी लागली, तेव्हा आपल्या घराची वरची खोली मला भाड्याने दिली ती कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी. नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला होता. हे उपकार मी आजही मानते. पण ते उपकार त्यांनी मला एक दिवसही विसरू दिले नाहीत. पुण्याहून बदलीवर आलेले, निवृत्त इंजिनियर; मी त्यांना काका म्हणायचे. जेवायला कुणी पाहुणे आले की मला खाली बोलावून म्हणायचे, "हिचं मराठी ऐका. गोड आहे, फक्त मराठी वाटत नाही."

त्यांच्या जिन्याखाली पाण्याची मोटार होती. टाकीवर नव्हे, थेट महापालिकेच्या लाइनवर जोडलेली. सकाळी पाणी सुटलं की ती घरघरायला लागायची आणि फाटकाबाहेरच्या नळाची धार करंगळीएवढी व्हायची. मग तिथे बायका भांडायच्या आणि काका गॅलरीतून म्हणायचे, "बघा, ही असली माणसं."

मंडळाच्या मासिक व्याख्यानाला या वेळी माझं नाव त्यांनी घातलं. विषयही त्यांनीच दिला.

"रोमन लोकांचा पाणीपुरवठा. कमानी दाखव, उतार किती काटेकोर ठेवायचे ते सांग. शिस्तीशिवाय पाणी येत नाही हे लोकांना पटलं पाहिजे. नंतर त्याच सभेत नळ बंद करायचा ठराव घेतो."

म्हणजे माझं व्याख्यान त्यांच्या ठरावासाठी होतं. मी हो म्हटलं आणि सुट्टीचे दिवस ग्रंथालयात घालवले.

सभागृह भरलं होतं. कमानींची चित्रं दाखवली, तोवर सगळे खूश होते. पुढे सांगितलं, की रोमचं बरंचसं पाणी कमानींवरून नव्हे, जमिनीखालच्या पाटांमधून, नुसत्या उताराने शहरात यायचं. साधी माणसं भाड्याच्या खोल्यांत राहायची आणि रस्त्यावरच्या हौदातून पाणी वर वाहून न्यायची. घरात नळ हवा तर सम्राटाची परवानगी लागायची. परवानगी माणसाला मिळायची, घराला नाही. मालक बदलला की ती संपायची. चौकातला हौद मात्र सगळ्यांचा.

टाळ्या बेताच्याच वाजल्या. आभार मानायला काका स्वतः उठले. आमच्या मंडळात आभारप्रदर्शन दोन मिनिटांचं असतं. काकांनी ते माझ्या व्याख्यानाहून लांबवलं.

"आमच्या कन्येने मेहनत केली. छोट्या गावातून आलेल्या मुलीच्या मानाने फारच छान. इंजिनियरिंगचा भाग थोडा कच्चा राहिला, पण तो तिचा विषय नव्हे. शेवटी ते साम्राज्यही बुडालंच. सगळ्यांना फुकट पाजून काय होतं ते आपण बघतोच आहोत." लोक हसले. मग ते माझ्याकडे वळले. "एक राहिलं. पाणीचोरांना रोमन लोक काय करायचे, तेवढं सांग, म्हणजे ठराव घेऊ."

मी जागेवरूनच बोलले. "दंड करायचे, काका. पण त्यांच्या पाणीखात्याच्या प्रमुखाने तपासणी केली, तेव्हा चोर हौदावर सापडले नाहीत. ज्यांच्या वाड्यांजवळून, मळ्यांमधून लाइन जात होती, त्यांनीच ती फोडलेली होती."

"इथे कुणाचे मळे आहेत?"

"मळे नाहीत. मोटारी आहेत. तुमच्या जिन्याखाली एक आहे."

मागून एक बाई म्हणाल्या, "एकच कशाला, आमच्या ओळीत कुणाकडे नाहीये?" त्यावर त्यांचे यजमान त्यांच्यावर डाफरले, "तू गप बस." आणि मग सगळेच एकमेकांच्या मोटारी मोजू लागले.

शेवटी खजिनदार काकांना म्हणाले, "भाऊ, एक लक्षात घ्या. नळ बंद करायचा तर महापालिकेला अर्ज द्यावा लागेल. त्यांचा माणूस येईल, पूर्ण लाइन चेक करेल."

हा मुद्दा कुणी खोडला नाही. ठराव पुढच्या सभेवर गेला, आणि पुढच्या सभेत कुणी काढलाच नाही. चोरी पकडली जाईल या भीतीने तो नळ वाचला. त्या लोकांकडून दुसऱ्या कुठल्या कारणाची मी अपेक्षा ठेवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी काका जिन्यात उभे होते. "महिनाअखेर दुसरी जागा बघ."

"बघते, काका."

शहराच्या दुसऱ्या भागात, अशोका गार्डनमध्ये, रेल्वेलाइनजवळ खोली मिळाली. सामान हलवलं त्या दिवशी काकू दारात आल्या. "भरसभेत बोलायची काय गरज होती गं? घरचं घरात सांगायचं."

"घरात सांगितलं होतं, काकू. दोनदा. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात."

त्या आत गेल्या. काका पेपर घेऊन खुर्चीत बसले होते. ज्यांनी मला या शहरात उभं केलं, त्यांना नमस्कार न करता निघायचं माझ्या मनात नव्हतं, म्हणून मी वाकले. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि पेपरचं पान उलटलं. मी जमिनीला हात लावून उठले आणि रिक्षावाल्याला पेटी उचलायला सांगितली.