ओटीला जागा

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात मी केसपेपर लिहायचो, तेव्हाची ही कास्तकारीण. बाळंतपणांनी तिचं पोट पार ओघळलं होतं. नुसतं ‘सैल पोट’ लिहिलं, की आमचे मोठे डॉक्टर शोभेचं ऑपरेशन म्हणून कागद परत पाठवत. म्हणून तिलाच विचारलं, त्रास काय?

“कापूस येचाले वाकता येत नाई, बाबूजी. पोटच आडवं येते. येचलेला कापूस टाकाले ओटी कुठं बांधू?”

शब्द न बदलता मी तेच लिहिलं. ऑपरेशन झालं.

पुढच्या हंगामात ती शेतातून तशीच, कमरेला ओटी बांधून दाखवायला आली. नर्सच्या हातून कापसाचा बोळा पडला. बाई वाकली, बोळा उचलला आणि सवयीनं कमरेच्या ओटीत टाकला. मग स्वतःच खदखदून हसली.

“लिवा आता. ओटीले जागा झाली.”

मी लिहिलं. मोठ्या डॉक्टरांनी हसत खाली सही केली.