साडूभाऊंच्या कंबरेचा फोटो

मधली तीन वर्षं वगळली, तर माझ्या साडूभाऊंना बसलेलं पाहणारा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस सरळ, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. देवाने त्यांना घडवताना सगळं मन लावून केलं आणि बसायची सोय तेवढी करायची विसरला, असं आम्ही सगळे म्हणत असू. सगळ्यांत जास्त मी म्हणत असे. त्या तीन वर्षांबद्दल मला सांगायचं आहे, खरं तर तेवढंच सांगायचं आहे. पण सांगायला घेतलं की माझी जीभ आधी त्यांच्या गमतीजमतींकडे पळते. पळू दे थोडी.

गांधीबागेतल्या एका ठोक दुकानात ते साड्या दाखवतात. तिथे पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसणं हीच अर्धी नोकरी असते. शेठ बसलेले, मुनीम बसलेले, भंडाऱ्याहून आणि बालाघाटहून आलेले व्यापारी लोडाला टेकलेले, आणि सगळ्यांच्या मधोमध आमचे साडूभाऊ दीपमाळेसारखे उभे. उभ्यानेच साडी झटकायचे, ती बरोबर व्यापाऱ्याच्या मांडीवर जाऊन पडायची. डोक्यावर कुणी असं उभं असलं की गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं, असा शेठचा अनुभव होता. त्यामुळे त्यांनीही कधी बसा म्हटलं नाही. लग्नात साडूभाऊ ताट हातात घेऊन मांडवभर फिरत जेवत. वरपक्षाला वाटे हा वधूकडचा व्यवस्था बघणारा, वधूपक्षाला वाटे वराकडचा. एकदा मठ्ठा कमी पडला तेव्हा दोन्हीकडच्यांनी त्यांनाच झापलं, आणि त्यांनी दोन्हीकडच्यांची माफी मागितली. अमरावतीच्या बसमध्ये मिळालेली जागा ते पहिल्याच थांब्यावर कुणातरी बाईला देऊन टाकत. अशा कितीतरी बायका त्यांना देवमाणूस समजत असतील. "कायचा देवमाणूस गा साडूभाऊ," ते मला म्हणत, "बसलो का आखडतो, चाललो का मोकळा होतो. त्या बाईले वाटते मी पुण्य करून राहिलो."

सकाळी मात्र या चालत्या माणसाचं लाकूड झालेलं असे. पलंगावरून ते एका कुशीवर येत, मग कपाटाचं हँडल धरत, मग भिंत, मग दाराची चौकट. तासभर घरातून नुसत्या फेऱ्या. "जुनी गाडी हाये, स्टार्ट व्हाले टाइम लागते," असं म्हणत ते सक्करदऱ्याच्या तलावाकडे निघत. पहिल्या फेरीला त्यांच्या पुढे म्हाताऱ्या निघून जात, दुसऱ्या फेरीला ते म्हाताऱ्यांना गाठत आणि तिसरीला हात हलवत कॉलेजातल्या पोरासारखे चालत. गंमत म्हणजे सुटीच्या दिवशी त्यांचं दुखणं वाढे. जगातल्या सगळ्या माणसांची कंबर कामाने दुखते, यांची आरामाने. दिवाळीत दुकान चार दिवस बंद असलं की तिसऱ्या दिवशी हे गांधीबागेत जाऊन बंद शटरसमोर येरझारा घालताना दिसत. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणायची, "यांचा जीव शेठमध्ये गुंतला हाये. माह्यात कधीच नव्हता."

उपाय झालेच. तेल झालं, मिठाची पुरचुंडी झाली, गादी काढून लाकडी फळी झाली. इतवारीतल्या नस बसवणाऱ्याने त्यांच्या पाठीवर गुडघा ठेवून असा काही आवाज काढला की बाहेर रांगेत बसलेले दोघे उठून घरी गेले. ओळखीच्या डॉक्टरांनी कंबरेचा फोटो काढायला लावला. फोटो स्वच्छ निघाला. "पंधरा दिवस पडून राहा," असं सगळ्यांनी ठरवून दिलं, आणि पंधरा दिवसांनी त्यांना उठवायला दोन माणसं लागली. तेव्हा एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "खरं सांगू का, कमर नाही दुखत. त्याच्या खाली. बैठकीत. कधी उजवीकडे, कधी डावीकडे. पाळी लावून दुखते. पण सासुरवाडीत असं कसं सांगता येते? जावई माणूस आहो मी." मी ते ऐकून घेतलं. आणि पुढच्याच लग्नात, पाहुण्यांच्या घोळक्यात, साडूभाऊंच्या कंबरेची कोणती बाजू कोणत्या वारी दुखते याचं वेळापत्रक मी वाचून दाखवलं. खूप हशा झाला. तेही हसले. ताट हातात धरून, उभ्याने.

धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी आम्हा दोन्ही जावयांना वाण द्यायला बोलावलं. शेजारी शेजारी दोन पाट. साडूभाऊ काळा चष्मा लावून आले. डोळा लालभडक झाला होता, उजेड सोसवत नव्हता. पण आम्हाला नटासारखा चष्मा लावलेला जावईच दिसला. ते पाटावर टेकले आणि सासूबाई निरांजन घेऊन पुढे आल्या, तोच हे ताडकन उठले.

"जवाईबापू, बसा नं! ओवाळून राहिली मी."

"ओवाळा नं आई. मी उभाच बरा आहो."

"उभ्या माणसाले ओवाळतात का कुठं? लढाईले चालले का तुम्ही?"

शेवटी सासूबाई पाटावर चढल्या आणि उभ्या जावयाला उभ्यानेच ओवाळलं. अनारसे मी बसून खाल्ले.

त्या डोळ्यामुळेच पुढचं सगळं घडलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळा पाहिला आणि विचारलं, "सकाळी कंबर आखडते का?" साडूभाऊ घरी येऊन सांगत सुटले, "डोळा दाखवाले गेलो, तं बाई कमर इचारते!" मीही म्हटलं, आता दातांच्या डॉक्टरला गुडघा दाखवू. पण असा डोळा आणि सकाळची आखडलेली कंबर कधीकधी एकाच संधिवाताची असते, असं म्हणून बाईंनी संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि ताईबरोबर मीही सोबत गेलो. आमच्या घराण्यात मी रिपोर्ट समजणारा माणूस समजला जातो. मला एकदा मुतखडा झाला होता, एवढ्या भांडवलावर. डॉक्टरांनी बरंच विचारलं, चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि समजावलं. पाठीचा कणा खाली जिथे कुल्ल्यांच्या हाडांना दोन्हीकडून जुळतो, त्या दोन सांध्यांचा आधी साधा एक्स-रे. त्यात स्पष्ट दिसलं नाही, तर त्याच दोन सांध्यांचा एमआरआय. मी मान हलवली. मला ते कळलं नव्हतं, पण मान हलली.

स्कॅन सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी वाचली. "काका, आधी एक्स-रे हाये."

"फोटो तर मागेच झालाय," मी म्हटलं. "मोठं मशीन असताना पुन्हा लहान कशाला? एकदम एमआरआयच करा."

"मंग कशाचा लिहू? यात खालच्या जॉइंटचा लिहिला हाये. त्यांना दुखते कुठं?"

आम्ही तिघं वळून साडूभाऊंकडे पाहू लागलो. मी, ती मुलगी आणि ताई. बाकड्यांवर वीसेक माणसं होती, त्यात गांधीबागेतला एक ओळखीचा व्यापारीही. साडूभाऊंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि हात कंबरेवर ठेवला. "इथंच," ते म्हणाले. "कमरेत."

मला खरी जागा माहीत होती. त्या खोलीत, त्यांच्याशिवाय, फक्त मलाच माहीत होती. पण माझ्या कार्यालयातल्या एकाची मणक्यातली गादी सरकली होती, त्याला कंबरेच्याच एमआरआयने कळलं होतं, आणि दुखते कंबर तर फोटो भलतीकडचा कशाला, हे मला इतकं उघड वाटलं की मी म्हटलं, "कंबरेचा लिहा."

"डॉक्टरांना फोन लावून इचारू का?"

"मी आहे ना. लिहा."

पंचवीस मिनिटं न हलता पडून राहिल्यावर साडूभाऊ आडव्या खांबासारखे बाहेर आले. "साडूभाऊ, त्या डब्याले पाय असते नं, तं मी त्याच्यासंगं चाललो असतो," म्हणाले. रिपोर्ट आला. मी एकेक शब्द मोबाइलवर शोधून वाचला. वयानुसार किरकोळ फरक, बाकी काही नाही. मी घरच्या ग्रुपवर टाकलं, 'सगळं नॉर्मल!' साडूभाऊंनी विचारलं, "डॉक्टरले दाखवाचं नाही का?" मी म्हटलं, "दाखवायचं काय? काही असेल तर दाखवायचं. एवढ्या मोठ्या मशीनला दिसलं नाही, म्हणजे ते मनाचं आहे." ताई आनंदाने रडली आणि रडून झाल्यावर भडकली. "बारा वर्षं नाटकं केली यांनी! आता माणसासारखं बसा."

आणि ते बसले. हेच मला सांगायचं होतं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते बसायला शिकले. "रिपोर्ट म्हणते काही नाही, तं मंग माह्याच अंगात खोड असन," म्हणाले. दुकानात गादीवर बसू लागले. शेठने म्हणे पहिल्या दिवशी त्यांना चहा पाजला. तलावाच्या फेऱ्या ताईने बंद केल्या, कारण तिच्या मते पायाला लागलेली ती चटकच सगळ्याचं मूळ होती. लग्नांमध्ये ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत, दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरून. सासूबाई म्हणाल्या, "आमचे जवाईबापू माणसात आले." साडूभाऊंच्या कपाळावर बारीक घाम असे आणि मी पंख्याची दिशा त्यांच्याकडे करत असे. घामाचं कारण मी उन्हाळा समजलो. हिवाळ्यात काय समजलो ते आठवत नाही. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून होतो.

मग डोळा पुन्हा लाल झाला. त्याच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्या सांध्यांचं काय निघालं?" आम्ही पुन्हा संधिवाताच्या डॉक्टरांसमोर. त्यांनी आमची मोठी फिल्म उजेडावर धरली, खाली केली, पुन्हा धरली. "हा कंबरेचा आहे. मी हा लिहिला नव्हता. आणि आधी साधा एक्स-रे लिहिला होता. कुणी बदललं?"

मी बुटांकडे पाहत होतो. साडूभाऊ म्हणाले, "काउंटरवर झालं असन, साहेब. गर्दी राहते तिथं."

साधा एक्स-रे तिथेच काढला. अर्ध्या तासात डॉक्टरांनी तो काचेवर लावून पेनने दाखवलं. "इथे दोन्ही बाजूंना एक बारीक फट दिसायला हवी. दिसते?" मला दिसली नाही. नव्हतीच. सांधे बुजत आले होते. मी पुरता गोंधळलो. मोठ्या मशीनला जे दिसलं नाही ते लहान मशीनला कसं दिसलं?

"मशीन मोठं की लहान, हा प्रश्नच नाही," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या मशीनला तुम्ही शेजारचं घर दाखवलंत. पाहायचं कुठे आणि पाहायचं केव्हा, एवढंच असतं. सुरुवातीला हाडात काही उमटत नाही, तेव्हा त्या सांध्यांच्या एमआरआयमध्ये सूज दिसू शकते. आता हाडातच उमटलंय, आता साधा फोटो पुरतो."

"म्हणजे तेव्हा केलं असतं तर..." मी विचारलं.

"तेव्हा काय दिसलं असतं, ते आता कुणीच सांगू शकत नाही."

हे वाक्य मी तेव्हापासून उलटसुलट करून पाहतो आहे. कधी त्यात मला माफी दिसते, कधी शिक्षा. अजून नक्की होत नाही.

बाहेर आल्यावर मी स्कूटरची किल्ली लावली आणि लावून तसाच थांबलो. म्हटलं, "साडूभाऊ, ती चिठ्ठी काउंटरवर नाही बदलली. मी बदलली. ती मुलगी फोन करते म्हणत होती, मी नको म्हटलं. आणि कुठे दुखतं ते तुम्ही मला सांगितलं होतं."

त्यांनी सीटवरची धूळ रुमालाने झटकली. मग म्हणाले, "माह्या बाजूलेच तं उभे होते तुम्ही. मले ऐकू नसन आलं का?"

"मग आत डॉक्टरांना असं का सांगितलंत?"

"हात कमरेवर कोणं ठेवला होता? मीच नं? वीस माणसांपुढं लाज वाटली मले." त्यांनी हेल्मेट डोक्यात घातलं. "अन् सुटी टाकून कोण येते गा कोणाच्या कमरेसाठी? तुम्ही आले होते. चाला आता, लय वेळ उभे आहो." लय वेळ उभे राहिल्याची तक्रार त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ते रागावले असते तर मला घरी जाऊन झोप लागली असती.

आता औषधं सुरू आहेत. डॉक्टरांनीच चालायला सांगितलं आहे, त्यामुळे ताई सकाळी स्वतः त्यांना घराबाहेर काढते आणि कधी सोबत जाते. दुखणं पुष्कळ उतरलं आहे. जे जुळून गेलं ते मात्र सुटायचं नाही. आखडणं कण्यातून वर मानेपर्यंत चढलं आहे, त्यांची मान आता वळत नाही. मागून कुणी हाक मारली, तर ते पाय उचलत उचलत अख्खे फिरतात, आणि तोवर चेहऱ्यावर हसू तयार ठेवतात, की फिरून झाल्यावर समोरच्याला लगेच दिसावं.

म्हणून मी त्यांना मागून हाक मारत नाही. बाजारात, लग्नात, रस्त्यात ते पाठमोरे दिसले की मी गर्दीतून वळसा घालतो, त्यांच्या समोर जाऊन उभा राहतो, आणि मग म्हणतो, "काय साडूभाऊ?"