ओल्या फणसाचं वाडगं

फणसाच्या लाकडाची गाठ वाळायच्या आधीच मी लाकूड कातायच्या लेथवर चढवली. कुडपणला सासऱ्यांनी लावलेलं झाड नुकतंच पडलं होतं. बाकीचं वखारीत गेलं. उरलेल्या या एका गाठीतून सासूबाईंना सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवायला शोभेचं वाडगं हवं होतं, आणि मी हौसेनं हो म्हणून बसलो होतो.

वाडगं पातळ होत आलं आणि ओलं लाकूड तडकलं; काठाला केसाएवढी चीर दिसली. चिरेत भुसा आणि डिंक दाबून मी यंत्र पुन्हा सुरू केलं. फिरत्या वाडग्यावर लाल लाखेची कांडी टेकवली; घासून वितळलेल्या लाखेचा लाल पट्टा चिरेवर बसला. चीर वाढली नाही. मग मुद्दाम काढलेली नक्षी म्हणून ते सासूबाईंपुढे ठेवलं.

त्यांनी नक्षीवरून बोट फिरवलं, ते नेमकं चिरेपाशी थांबलं.

"जावयबापू, वलं लाकूड माझी चूलसुदा घेत नाय. तुमी कसं घेतलंत?"